इंग्लंडमधील यादवी युद्ध : विद्यार्थी कोठे चुकतात?

इंग्लंडमधील यादवी युद्धाविषयी लिहिताना विद्यार्थी काही चुका वारंवार करतात. पहिली चूक, ते एकच युद्ध मानण्याची. १६४२ ते १६५१ या काळात तीन युद्धे झाली; स्कॉटलंड व आयर्लंडही त्यांत ओढले गेले.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. संसद आरंभापासून राजेशाही संपवण्यासाठी लढत होती, असे लिहिले जाते. वस्तुतः तिला राजसत्तेवर मर्यादा हव्या होत्या. ५ डिसेंबर १६४८ रोजीही कनिष्ठ सभागृहाने पहिल्या चार्ल्सशी तडजोडीचा मार्ग खुला ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्याच दिवशी कर्नल प्राइडच्या सैनिकांनी विरोधी सदस्यांना दाराशीच अडवले. उरलेल्यांनी नेमलेल्या न्यायालयाने राजाला मृत्युदंड ठोठावला. ३० जानेवारी १६४९ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. तेव्हा ‘संसदेने राजाला मारले’ हे विधान अपुरे ठरते; त्यामागे सैन्याचे बळ होते.

तिसरी चूक क्रॉमवेलविषयीची. प्रजासत्ताक मे १६४९ मध्ये घोषित झाले. तो ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ झाला डिसेंबर १६५३ मध्ये. १६५७ मध्ये देऊ केलेला राजमुकुट त्याने नाकारला.

शेवट ठाऊक असल्यामुळे तोच आरंभीचा हेतू समजणे, हे या चुकांचे मूळ होय. म्हणून प्रत्येक विधानापूर्वी वर्ष तपासावे.