काळ्या पाण्याची वसाहत : साम्राज्याची गरज आणि खानदेशचा संदर्भ

कैदी ठेवण्यासाठी ब्रिटिशांकडे हिंदुस्थानात तुरुंग होते. तरीही कैद्यांना समुद्रापार अंदमानात नेण्याचा खर्च आणि खटाटोप त्यांनी का पत्करला, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

कैद्यांना समुद्रापार पाठविण्याची प्रथा १८५७ च्या आधीची होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कंपनी सरकार त्यांना बेंकुलेन, पेनांग आणि पुढे सिंगापूर येथे पाठवीत असे. त्यांच्या श्रमातून तेथे रस्ते व इमारती उभ्या राहिल्या. अंदमानातही १७८९ मध्ये वसाहत स्थापन झाली होती, परंतु रोगराईमुळे १७९६ मध्ये ती सोडून द्यावी लागली. मग १८५८ मध्ये तीच बेटे पुन्हा का निवडली गेली? याची तीन कारणे सांगता येतात.

पहिले कारण तातडीचे होते. उठावात उत्तर हिंदुस्थानातील अनेक तुरुंग फोडले गेले आणि बंदी झालेल्यांची संख्या मात्र वाढली. उठावातील कैदी आपल्याकडे येऊ नयेत, अशी सिंगापूरमधील युरोपीय रहिवाशांची भूमिका होती. दुसरे कारण सागरी होते. बंगालच्या उपसागरातील जहाजांना सुरक्षित बंदर हवे होते आणि जंगल तोडून ते उभारण्यास कैद्यांचे श्रम स्वस्त होते. तिसरे कारण मानसिक होते. समुद्र ओलांडल्याने जात जाते, ही समजूत आणि आप्तांपासून कायमची ताटातूट यांमुळे ही शिक्षा अनेकांना मरणाहून भयंकर वाटे. डॉ. मोआट यांच्या समितीने पाहणी केल्यानंतर, १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर २०० कैद्यांसह पोर्ट ब्लेअरला पोहोचले.

खानदेशच्या सीमेवरील घटनांतून या धोरणाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. मुंबई-आग्रा मार्ग धुळे, शिरपूरवरून सेंधवा घाटात चढतो. याच सातपुड्यात खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी सरकारला आव्हान दिले. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे लढाई झाली. त्यानंतरही भीमा नाईक अनेक वर्षे हाती लागले नाहीत. १८६७ मध्ये ते पकडले गेले आणि त्यांची रवानगी अंदमानात झाली. तेथेच त्यांचा अंत झाला. नाईकाचे बळ त्याच्या डोंगरात, वाटांच्या माहितीत आणि भाऊबंदांच्या आधारात असते. अशा माणसाला केवळ कोंडणे पुरेसे नव्हते. त्याला त्याच्या मुलखातून उपटून काढणे सत्तेला सोयीचे होते.

येथे आणखी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. ही बेटे निर्जन नव्हती. तेथील मूळ रहिवाशांची जंगले वसाहतीने व्यापली आणि बाहेरून आलेल्या रोगांनी त्यांची संख्या झपाट्याने घटली. म्हणजे एका जंगलातून माणूस उचलून दुसऱ्यांच्या जंगलावर घाला घालण्यासाठी त्याचे श्रम वापरले गेले.

अंतरामुळे विरोध पूर्णपणे मावळला नाही. १८७२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांची हत्या अंदमानातच शेरअली या कैद्याने केली. पुढे १८९६ ते १९०६ या काळात सेल्युलर जेल बांधले गेले. समुद्राने कैद्यांना मुलखापासून तोडले होते. आता एकेकट्याच्या कोठडीने त्यांना परस्परांपासूनही तोडले.

याउलट, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली आणि ती पुढे घरोघरी पोहोचली. सत्तेला दूरचे बेट का हवेसे वाटले असेल, हे या उदाहरणावरून उमजते.

स्वाध्याय : आपल्या तालुक्यातील १८५७ च्या आठवणी वडीलधाऱ्यांकडून ऐका आणि वरील तीन कारणांच्या आधारे त्यांवर दहा ओळींचे टिपण लिहा.