हात आपले, दुकान कोणाचे?

मालिशीचे काम शिकलेले तरुण एक प्रश्न नेहमी विचारतात. सलूनमध्ये किंवा मालीश केंद्रात दिवसभर राबतो, गिऱ्हाईक आपल्या हाताची तारीफ करते, पण पैसे मालकाच्या गल्ल्यात जातात. मग नोकरी सोडून स्वतःचा धंदा का काढू नये? प्रश्न रास्त आहे. पण घर चालवणाऱ्या माणसाने हिशेबाची वही उघडल्याशिवाय त्याचे उत्तर देऊ नये.

या पेशात दोनशे वर्षांपूर्वी एका हिंदुस्थानी माणसाने सातासमुद्रापार नाव कमावले. शेख दीन महंमद यांचा जन्म १७५९ साली पाटण्यात झाला. कंपनीच्या फौजेत नोकरी करून ते १७८४ मध्ये आयर्लंडला गेले. पुढे लंडनला एका धनिकाच्या वाफेच्या स्नानगृहात त्यांनी मालिशीचे काम केले. १८१० मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी पद्धतीचे जेवणगृह काढले. दोन वर्षांतच त्यांचे दिवाळे निघाले. पन्नाशी उलटलेल्या या माणसाला पुन्हा नोकरी शोधावी लागली.

मग ते ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी गेले आणि आपल्या हुनराकडे परतले. वाफेचे स्नान आणि चंपी हे काम तिथे खूप चालले. बरे वाटलेले लोक आपल्या कुबड्या तिथेच ठेवून जात व त्या भिंतीवर टांगल्या जात. याहून चांगली जाहिरात कोणती? चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांची सेवा त्यांना मिळाली. इंग्रजांचा 'शाम्पू' हा शब्दसुद्धा मूळचा आपल्या चंपीचा.

पण पुढचा भाग अधिक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १८२१ चे त्यांचे मोठे स्नानगृह भागीदाराच्या पैशावर उभे होते. १८४१ मध्ये भागीदार वारला आणि इमारत लिलावात निघाली. ती घेण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. ऐंशी वर्षांच्या वयात त्यांना लहान जागेत नव्याने सुरुवात करावी लागली. १८५१ मध्ये ते वारले. हुनर त्यांचा, नाव त्यांचे, जागा मात्र त्यांची नव्हती.

हिशेब असा करावा

समजा एका मालिशीचे ५०० रुपये मिळतात. दिवसाला ४ मालिशी, महिन्याला २४ दिवस, म्हणजे ४८,००० रुपये. हा आकडा पाहून तरुण खूश होतो. पण नव्या धंद्यात निम्मेच गिऱ्हाईक धरावे. राहिले २४,०००. तेल, चादरी, धुलाई आणि येण्याजाण्याचा खर्च ६,००० धरला तर हातात १८,००० उरतात. त्यातून १२,००० रुपये गाळ्याचे भाडे गेले तर घरी काय नेणार? फक्त ६,०००. म्हणून पहिल्या वर्षी गाळा नको. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन काम करावे.

आणखी एक गोष्ट. कापडाचे दुकानदार आजारी पडले तर मुलगा किंवा गुमास्ता गल्ल्यावर बसतो. मालिशीत माल म्हणजे आपलेच हात. अंगठा किंवा मनगट दुखावले की दुकान बंद. म्हणून दिवसाला आठ-दहा मालिशींचा हिशेब कागदावरच ठीक दिसतो. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला काढल्याशिवाय राजीनामा देऊ नये.

विश्वास हेच भांडवल

काही ठिकाणच्या गैरप्रकारांमुळे हा पेशा बदनाम झाला आहे. पुरुषांनी पुरुषांची व स्त्रियांनी स्त्रियांची सेवा करावी. वेळ आणि दर आधी सांगावेत, स्वच्छता पाळावी. बाळ-बाळंतिणीची मालीश करणाऱ्या बायकांना याच विश्वासावर घरोघरी बोलावणे येते. एक सव्वा महिना नीट पार पडला की ते घर आणखी दोन घरे सांगते.

आपली हद्दही ओळखावी. फिजिओथेरपी हा २०२१ च्या केंद्रीय कायद्याखालचा पेशा आहे. पदवी नसताना ते नाव पाटीवर लावू नये. ताप, मोडलेले हाड किंवा अचानक सुजलेली, दुखणारी पोटरी असेल तर हात न लावता डॉक्टरकडे पाठवावे. पोटरीत रक्ताची गुठळी असेल तर चोळल्याने जीवावर बेतू शकते. एक गिऱ्हाईक परत पाठवल्याने धंदा बुडत नाही.

कागदपत्रांत उद्यम नोंदणी मोफत होते, दलालाला पैसे देऊ नयेत. सेवेच्या धंद्यात सर्वसाधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेतील १८ कामांत नाभिकांचे काम आहे, मालिशीचे नाव वेगळे नाही. जागा घेऊन केंद्र काढायचे असल्यास पालिका व पोलीस ठाण्यात परवान्याची चौकशी आधी करावी.

शेवटी एक सांगणे. मालकाच्या वहीतले फोन नंबर उतरवून नेऊ नयेत. बाजारात असा माणूस लवकर ओळखला जातो. सुट्टीच्या दिवशी, मालकाला सांगून, स्वतःची गिऱ्हाइके जोडावीत. तीन महिने वही लिहावी. बारा घरांनी स्वतःहून दुसऱ्यांदा बोलावले तर खुशाल नोकरी सोडावी. तोवर पगार चालू ठेवण्यात कमीपणा नाही.