आजऱ्याचे पक्षी, अनेकांचे डोळे

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस पक्षी-अभ्यासक मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्माचा. भातकापणीच्या या दिवसांत कोल्हापूर जिल्ह्यातील आजऱ्याजवळ रामतीर्थाच्या झाडीत, हिरण्यकेशी नदीच्या काठाने दहाजण मिळून पक्षी पाहत, नोंदवत फिरले तर लोक त्याला सहल म्हणतील. मला ते त्याहून मोलाचे काम वाटते. २०२३ चा देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे, आणि नीळकंठासारखा ओळखीचा पक्षीही घटतो आहे, हे त्यातूनच पुढे आले. एकट्या अभ्यासकाला एवढा मुलूख पालथा घालणे शक्यच नव्हते.

घोळक्याने पक्षी बुजतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच गट लहान हवा, बोलणे हळू हवे आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणे पूर्ण बंद हवे. नवशिक्यांच्या नोंदी चुकतात, असेही म्हणतात. पण चूक सापडते ती सोबत्यांमुळेच. हिमालयाकडून हिवाळ्यासाठी आलेला करडा धोबी ओल्या खडकावर सतत लांब शेपटी हलवत असतो. पोटाखालचा पिवळा रंग पाहून एखादा त्याला पिवळा धोबी ठरवतो. दुसरा त्याची राखाडी पाठ दाखवतो. तरीही एकमत झाले नाही, तर यादीत नुसते ‘धोबी’ लिहावे.