घरगुती दुर्बिणीची सुधारणा

दुर्ग जिल्ह्यातील नंदिनी नगर ही भिलाई पोलाद कारखान्यासाठी चुनखडक काढणाऱ्या खाणींमुळे वसलेली वस्ती होय. अशा ठिकाणी एखाद्या हौशी निरीक्षकाने सहा इंच व्यासाचा आरसा महिनोन्‌महिने घासून परावर्तक दुर्बीण उभारावी, आणि पहिल्याच रात्री शनीची कडी पुसट दिसावी, म्हणजे त्याची निराशा होणे साहजिक आहे. तो आरशाला दोष देतो व नवा, मोठा आरसा घेण्याचा विचार करू लागतो. परंतु दोष आरशातच आहे हे सिद्ध झाल्यावाचून तो टाकून देणे, म्हणजे केलेले श्रम वाया घालविणे होय. विल्यम हर्शेल याने १७८१ साली युरेनस शोधला, तो स्वतः तयार केलेल्या सुमारे सव्वासहा इंच व्यासाच्या धातूच्या आरशाने!

यासाठी प्रथम दुर्बिणीची परीक्षा घ्यावी. ध्रुवतारा जवळजवळ स्थिर असल्याने या कामी फार सोयीचा. जास्त आवर्धनाची नेत्रिका लावून ताऱ्याची प्रतिमा किंचित अस्पष्ट करावी, म्हणजे प्रकाशाची एक चकती दिसते. चकतीतील काळी छाया मध्यभागी नसेल, तर दोन्ही आरसे एका रेषेत नाहीत. चकती तिकोनी दिसल्यास आरशाला धरणारे तीन चिमटे फार आवळलेले असण्याचा संभव आहे. ती पाण्यातील प्रतिबिंबासारखी थरथरत असेल, तर हवा अस्थिर आहे किंवा आरसा अद्याप थंड झालेला नाही. हे सारे दोष दूर केल्यावरही नाभीच्या अलीकडची व पलीकडची चकती निरनिराळी दिसली, तरच आरशाच्या आकाराविषयी शंका घ्यावी.

आता उपाय पाहू. आरशाच्या बैठकीस मागून तीन स्क्रू बसविल्यास त्याचा कल सहज बदलता येतो. चिमटे आरशाला केवळ टेकलेले असावेत. मध्ये कागदाची घडी सरकेल एवढी फट ठेवावी. नळीचे मागील टोक बंद असल्यास ते उघडावे, आणि तेथे जुन्या संगणकातील लहान पंखा रबरी पट्ट्यांवर टांगावा, म्हणजे त्याची कंपने दुर्बिणीस पोहोचत नाहीत. नळीचा आतील भाग चकाकी नसलेल्या काळ्या रंगाने रंगविल्यास वस्तीतील दिव्यांचा भरकटलेला प्रकाश नेत्रिकेत येत नाही.

याहून मोठी सुधारणा म्हणजे दुर्बिणीची बैठक. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. त्यामुळे १२० पट आवर्धनात ग्रह सुमारे पावणेदोन मिनिटांतच दृष्टिक्षेत्राबाहेर जातो. बैठकीचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखला, तर त्या एकाच अक्षाभोवती दुर्बीण हळूहळू फिरविणे पुरते. या अक्षाचा क्षितिजाशी होणारा कोन स्थळाच्या अक्षांशाइतका असावा लागतो. पुण्यात तो सुमारे साडेअठरा अंश, तर नंदिनी नगरात सुमारे साडेएकवीस अंश. म्हणून पुण्याच्या मापाने केलेली बैठक येथे तशीच चालणार नाही. तिच्याखाली तीन अंशांची पाचर घालावी लागेल.

उरला प्रश्न धुळीचा. काम संपताच नळीच्या दोन्ही टोकांवर झाकणे घालावीत. आरशावर थोडी धूळ बसली, तरी प्रतिमा फारशी बिघडत नाही; कापडाने पुसल्यास मात्र धुळीचे कण ॲल्युमिनियमच्या पातळ थरावर ओरखडे पाडतात. आवश्यक तेव्हाच आरसा हलक्या धारेखाली धुवावा आणि ऊर्ध्वपातित पाण्याने विसळून उभा सुकवावा.

या सुधारणांस विशेष खर्च येत नाही. लागते ती चिकाटी. एका वेळी एकच बदल करावा, त्यानंतर पुन्हा ध्रुवतारा पाहावा आणि जे दिसेल ते वहीत नोंदवावे. कोणत्या बदलाने काय साधले हे मग निश्चित कळते. आणि पुष्कळदा असे आढळून येते, की ज्या आरशाला निरुपयोगी ठरविले होते, तो मुळात चांगलाच होता.