वॉलेसला न दिसलेली मैना

ऐका रे पोरांनो. आपल्या खिडकीवर रोज भांडायला येते ना, ती साळुंकी म्हणजे भलती खटपटी बाई. माणसांनी तिला मॉरिशसला नेलं, ऑस्ट्रेलियाला नेलं. जिथे गेली तिथे तिने असा काही संसार थाटला की तिथल्या पाखरांना घरटं करायला जागा उरेना. आता तिथले लोक तिला हाकलायचे उपाय शोधतात.

तिच्याच घराण्यातली एक मैना मात्र अगदी उलट्या स्वभावाची. मूळची सगळ्या जगात एकाच बेटावरची, आणि त्या बेटाच्याही एका कोपऱ्यातली. बेटाचं नाव बाली, इंडोनेशियातलं. जावा आणि बाली यांच्यामधली खाडी अगदी अरुंद जागी तीन किलोमीटरही भरत नाही. पंख असलेल्याला ते काय अवघड? पण पलीकडे जावात ही मैना नाही, म्हणजे नाहीच.

दिसायला कशी? आपल्या साळुंकीपेक्षा थोडी थोराड आणि पांढरीशुभ्र. पंखांची नि शेपटीची टोकं तेवढी काळी. डोळ्याभोवती पिसं नाहीत, नुसती उघडी कातडी, ती गोकर्णाच्या फुलासारखी निळी. डोक्यावरून मानेवर रुळणारा लांब तुरा. नर-मादी सारखेच दिसतात. जोडी जमायच्या दिवसांत दोघं समोरासमोर बसून तुरा उभारतात, डोकं खालीवर करतात आणि कर्कश ओरडतात. रूप देताना देवाने गळ्याकडे जरा दुर्लक्षच केलं म्हणायचं.

"आजोबा, ती शोधली कोणी?" मुक्ताने विचारलं.

तीही एक गंमतच आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा केवढा मोठा निसर्गशास्त्रज्ञ. डार्विनच्या जोडीने ज्याचं नाव घेतात, तो. १८५६ साली तो बालीच्या उत्तर किनाऱ्यावर उतरला. दोन दिवस राहिला, पक्षी पाहिले, टिपणं केली आणि पुढे लोंबोकला गेला. ही मैना त्याला दिसली नाही. नंतर पंचावन्न वर्षं गेली. १९११ साली एर्विन श्ट्रेझेमान नावाचा एक जर्मन पोरगा, जेमतेम एकवीस वर्षांचा, त्याच उत्तर किनाऱ्यावर बुबुनान गावाजवळ फिरत होता. त्याला ती सापडली. पुढच्या वर्षी त्याने तिचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि वॉल्टर रॉथशिल्ड या धनाढ्य पक्षी-संग्राहकाचं नाव तिला दिलं. पाखरू बालीचं, नाव विलायतेतल्या सावकाराच्या घराण्याचं! त्या काळी हे असंच चालायचं.

पण घात केला तो रूपानेच. जावाच्या जुन्या रीतीत चांगल्या पुरुषाकडे पाच गोष्टी असाव्यात असं मानत: घर, बायको, घोडा, कट्यार आणि पाखरू. तेव्हा घरोघरी पिंजरे, आणि पांढरी मैना पिंजऱ्यात असणं म्हणजे केवढी प्रतिष्ठा. १९७० साली इंडोनेशियाने तिला कायद्याने संरक्षण दिलं, तरी चोरबाजार थांबला नाही. जितकी मैना दुर्मीळ, तितका भाव चढा. तिला धरणंही फार कठीण नाही. वीण नसते तेव्हा ही मैना थव्याने राहते. पारध्याने झाड हेरलं, जाळं लावलं किंवा फांद्यांना चीक फासला, की काम झालं.

भरीला जंगल तुटलं, वस्त्या वाढल्या. ही मैना स्वतः ढोली कोरत नाही. सुतारपक्ष्याने सोडलेली नाहीतर झाड कुजून झालेली ढोली हिला लागते. जुनं झाड गेलं की पाळणाघरच गेलं. मग अभ्यासकांनी झाडांवर लाकडी पेट्या टांगल्या. निळसर अंडी त्यांतही घातली हो तिने, त्याबाबतीत तिचे नखरे नाहीत.

१९९१ साली बालीने तिला आपला मानाचा पक्षी ठरवलं. २००३ साली इंडोनेशियाच्या २०० रुपियांच्या नाण्यावर तिचं चित्र आलं. आणि खुद्द रानात? २००१ च्या सुमारास पश्चिम बालीच्या राष्ट्रीय उद्यानात मोजून सहा उरल्या होत्या. नाण्यावर लाखो, झाडावर सहा.

"सहा? मग संपल्याच असतील!" ओम म्हणाला.

संपल्याच असत्या, पण पिंजऱ्यांत शेकड्यांनी होत्या. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत, हौशी लोकांच्या घरांत. ज्या पिंजऱ्याने रान रिकामं केलं, त्याच पिंजऱ्यातली पिल्लं पुन्हा रानात सोडायची, असा उद्योग १९८० च्या दशकातच सुरू झाला होता. सोपा नव्हता. १९९९ साली तर हत्यारबंद टोळी उद्यानाच्या पैदास केंद्रात घुसली आणि तिथल्या एकोणचाळीस मैनांपैकी जवळजवळ सगळ्या घेऊन गेली. कुंपण उंच करून काय होणार? चोराला वाट दाखवणारा गावातलाच असला की कुंपण फुकट. माझ्या मते खरी कामाची युक्ती निघाली ती गावकऱ्यांना सामील करून घेण्यातच.

बालीच्या आग्नेयेला नुसा पेनिडा नावाचं छोटं बेट आहे. तिथे एका पशुवैद्याच्या संस्थेने २००६ पासून मैना सोडल्या. त्याआधी गावोगावच्या पंचांशी बोलणी केली. बालीच्या गावांचे स्वतःचे परंपरागत नियम असतात, त्यांना 'अविग-अविग' म्हणतात. ते मोडले तर सरकारच्या आधी गावच जाब विचारतं. पाखरू धरायचं नाही, हे त्या नियमांत बसवलं. तिकडे उद्यानाला लागून असलेल्या सुंबरक्लाम्पोक गावात लोकांना परवाने देऊन घरीच मैनांची पैदास करू दिली. पिल्लं उघडपणे विकता येऊ लागली आणि काही हिस्सा रानात सोडण्यासाठी ठेवायचा असा करार झाला. कायदेशीर पाखरू बाजारात मिळायला लागलं, की चोरीच्या पाखराची किंमत घसरते.

"म्हणजे आता धोका टळला ना?"

नाही रे. उद्यानातला आकडा आता शेकड्यांत गेलाय, पण संकटातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत ती १९९४ पासून 'अतिसंकटग्रस्त' आहे, आजही तिथेच आहे. कारण सोडलेलं पाखरू मोजणं वेगळं आणि रानात टिकलेलं मोजणं वेगळं. पिंजऱ्यात वाढलेल्याला आयतं खायची सवय. त्याला किडे शोधता यायला हवेत, शिकारी पक्षी नि साप ओळखता यायला हवेत, जोडी जमवून पिल्लं वाढवता यायला हवीत. म्हणून पाहणी करणारे लोक दुर्बिणीतून आधी पाय बघतात. सोडलेल्या मैनेच्या पायात कडं असतं. कडं नसलेली दिसली, की ती बहुधा रानातच जन्मलेली.