ओळीतला साग, रानातला साग

2025 साली गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात लोहखनिज प्रकल्पासाठी 937 हेक्टर वनजमिनीला तत्त्वतः मंजुरी मिळाली. लाखावर झाडं जाणार. त्यात साग किती, असं विचारणारा थेट विकासविरोधी ठरला. याच सागाला आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेनं (आययूसीएन) 2022 मध्ये आपल्या यादीत संकटग्रस्त ठरवलंय, हे सांगितलं की आमच्याकडे लोक हसतात. साग आणि संकटात? जिकडे तिकडे रोपवनंच तर आहेत! पण यादीतला साग तो नव्हे. भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चारच देशांत जो आपणहून उगवतो, त्या रानसागाची ही गोष्ट.

इंग्रजांचे कूप (तोडीसाठी आखलेले पट्टे), बल्लारपूरचा डेपो, लिलाव यांवर गौरवग्रंथ निघालेत. ज्याला हवं त्यानं वाचावं. 1974 मध्ये वनविकास महामंडळ आलं आणि मोह, तेंदू, चारोळीचं मिश्र जंगल साफ करून ओळीनं साग लावायचा सपाटा सुरू झाला.

मन रेंगाळतं ते 2009 नंतरच्या दहा वर्षांत. त्या वर्षी मेंढा-लेखा गावाला सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा आम्ही पत्रकार हुरळलो होतो. हुरळण्यासारखंच होतं ते! बांबूचा भाव गाव ठरवणार होतं. मुंबईचे संपादक मात्र ‘नक्षल्यांचं काय?’ एवढंच विचारत राहिले. त्यांना बांबूत बातमी दिसली नाही, ती नाहीच. हक्क मिळाला तोही गौण वनोपजावर. देवाजी तोफांच्या नेतृत्वाखाली मेंढा-लेखानं राखलेल्या रानातही सागाचं लाकूड सरकारचंच राहिलं.

2014 मध्ये आलापल्लीचं ‘वनवैभव’ हा जुन्या जंगलाचा तुकडा राज्यातलं पहिलं जैविक वारसा स्थळ झालं. भाषणं झाली, फलक लागला. साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात वारसा किती, तर सहा हेक्टर! मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहून सागवान राममंदिरासाठी वाजतगाजत अयोध्येला निघालं. त्या मिरवणुकीत आययूसीएनची यादी कोण काढणार?

आता एटापल्लीची भरपाई म्हणून रोपं लागतील, हिरव्या नकाशात ती जंगल म्हणूनच मोजली जातील आणि वनक्षेत्र घटलं नाही, असं कुणीतरी मंत्री सांगेल. त्याआधी एक सांगा: एटापल्लीच्याच सुरजागड इलाक्यातल्या ग्रामसभांनी खाणींविरुद्ध केलेले ठराव कुठल्या टेबलावर पडून आहेत?