आबांचा खोडवा



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस थोडे निराळे लिहीत आहोत.

आमच्या गटात एक जुने सभासद आहेत. वय पंचाहत्तरीच्या पुढे. दीड एकर को 86032 ची आडसाली लावण. मागल्या वर्षी आषाढात त्यांची कारभारीण गेली. मुलगा पुण्यास नोकरीला. तोडणीच्या सुमारास आम्ही गेलो तर आबा ओट्यावर नुसते बसून होते. "आबा, ऊस सतरा महिन्यांचा झाला. आता वजन घटेल," आम्ही म्हणालो. "घटू द्या सायेब. कुणासाठी करायचं आता?" आम्ही ब्रिक्स तपासला, नोंद केली आणि निघालो. माणसाची विचारपूस करण्याचे आम्हांस सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे.

ते सुचले एका दहा वर्षांच्या मुलीला. बीडकडची टोळी आबांच्या विहिरीजवळच्या पडीक जागेत उतरली होती. आईबाप पहाटे कोयता घेऊन फडात जात आणि ही पोर कोपीवर धाकट्या भावाला सांभाळी. पाण्याला आली असता तिने विचारले, "आबा, तुमच्या घरी आजी न्हाई का?"

"गेली."

"माझी बी गेली."

तिची आजी होती तोवर ती गावी राहून शाळेत जाई. आजी दिवाळीआधी वारली. मागे ठेवणार कुणापाशी? म्हणून तिलाही गाडीत बसावे लागले. टोळीतली कितीतरी पोरे अशीच येतात, हे आम्हांला वीस वर्षे या खात्यात काढून त्या दिवशी कळले.

मग रोज दुपारी ती ओट्यावर येऊ लागली. आबा तिच्याकडून पाढे म्हणवून घेत, ती त्यांना ऊसबिल वाचून दाखवी. आठवडाभराने आबा तिला घेऊन जिल्हा परिषद शाळेत गेले. दाखला नव्हता, पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही. गुरुजींनी तिला चौथीत बसविले. शाळेच्या वेळात धाकट्याची झोळी आबांच्या पडवीत! एकदा उपाशी राहणारे आबा दोनदा चूल पेटवू लागले. ऊस तुटला, तेव्हा बुडखे छाटून, पाचट न जाळता त्यांनी खोडवा राखला.

पट्टा पडला. निघताना आबा मुलीच्या बापाला म्हणाले, "दादा, पुढल्या साली हिला आणू नका. तिथंच शिकू द्या." गावाकडे हंगामी वसतिगृह असते, हे त्यांनी गुरुजींकडून विचारून घेतले होते.

यंदा टोळी आली, मुलगी आली नाही. ती वसतिगृहात राहून पाचवीत शिकते. आम्ही गेलो तेव्हा आबा खोडव्यात उभे होते. "आली नाही, बरं झालं," म्हणाले आणि उपरण्याने चष्मा पुसू लागले. रविवारी ते मुकादमाच्या फोनची वाट पाहतात. धाकटा मात्र आला आहे. त्याची झोळी पडवीतच आहे.

सभासदांनो, टोळी आपल्या रानात उतरली की पोरे किती, शाळेत किती, एवढे जरूर विचारा. गावात कुणी म्हातारे माणूस एकटे असेल, तर त्याच्याही ओट्यावर घटकाभर टेका. आम्हीही आता ब्रिक्स पाहण्याआधी तेवढे करतो.